तळातलं वरण

फेब्रुवारी लागला की वसमत तालुक्यात गावागावाला शिजत्या हळदीचा वास सुटतो. वावरातून आणलेल्या गड्ड्यांचे ढीग, ट्रॅक्टरमागे ओढत आणलेला बॉयलर, नळ्यांनी त्याला जोडलेले मोठाले ड्रम आणि रात्र रात्र चालणारी वाफ. हे काम घाईचं असतं, पण त्यात घाई चालत नाही. हळद कच्ची राहिली तर वाळल्यावर नीट रंग देत नाही, फार शिजली तर मालच बिघडतो. म्हणून ज्या घराची हळद शिजते तिथे एखादा हात असा लागतो, ज्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. या गोष्टीतल्या घरात तो हात आजीचा होता.

आजी 62 वर्षांची. ड्रम उघडला की ती त्यातून एक हळकुंड उचलायची, पदरात धरून फुंकर घालायची आणि गवताची वाळकी काडी त्यात टोचायची. काडी अडली की म्हणायची, "आजून नाही." काडी आरपार गेली की म्हणायची, "उतरवा." मग कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. पूर्वी काहिलीत हळद शिजायची तेव्हापासून तिचं हेच चालू होतं. काहिली गेल्या, बॉयलर आले, काडी तीच राहिली. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला अशा अनेक आजींच्या हातातल्या काड्या आठवल्या. ही गोष्टही त्याच वर्षीच्या हंगामातली आहे. मात्र ती हळदीची नाही, त्याच घरातल्या सात महिन्यांच्या लेकराची आहे.

लेकरू जुलैच्या पावसात जन्मलं. सहा महिने आईच्या दुधावर छान बाळसं धरत होतं. जानेवारीत उष्टावण झालं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात करायचं म्हणून सहावा महिना धरला. मामा परभणीहून आला. चांदीची वाटी, वेलदोड्याचा वास येणारी खीर, पाटाभोवती रांगोळी. मामाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून लेकराच्या ओठांना लावली, लेकराने तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले, बायकांनी ओवाळलं. पहिला घास आपल्याकडे फार हौसेने होतो. दुसऱ्या दिवशी काय द्यायचं, किती द्यायचं, कसं द्यायचं, हे मात्र पाटावरून उठताना कुणी कुणाला विचारत नाही. लेकराचं खरं जेवण तर त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

या घरात दुसऱ्या दिवसापासून लेकरासाठी दोन स्वयंपाक सुरू झाले.

आजीचा स्वयंपाक असा. तुरीची डाळ मऊ शिजली की फोडणी घालायच्या आधी ती भगुनं खाली उतरवून ठेवायची. डाळ तळाशी बसली की वरचं पिवळं पाणी अलगद गाळणीतून वाटीत घ्यायची. गाळणीत चुकून आलेली डाळ पुन्हा भगुन्यात टाकायची. वाटीत तुपाचा थेंब सोडायची आणि लेकराला मांडीवर घेऊन पाजायची. "डाळीचा गर लेकराला जड जातो," असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. तिने आपल्या चारही लेकरांना तसंच वाढवलं होतं.

सुनेचा स्वयंपाक निराळा. ती नांदेडची, शिकलेली, मोबाइलवर बघून बघून शिकणारी. तिने वसमतच्या बाजारातून सफरचंदं आणवली. साल काढायची, वाफवायची, मिक्सरमधून फिरवायची, मग गाळणीतून गाळायची. तेवढ्यावर तिचं समाधान होत नसे. माहेरी एका भाच्याच्या घशात घास अडकलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता, ती धास्ती मनातून गेली नव्हती. म्हणून गाळलेल्या गरात ती आणखी पाणी घालायची. शेवटी वाटीत उरायचं ते सफरचंदाचा वास येणारं पाणी. संध्याकाळी दिवे गेले की मिक्सर बंद, आणि मिक्सर बंद म्हणजे लेकराचा तो घास बुडाला.

दोघींचं भांडण नव्हतं. सासूला सुनेचं सफरचंद महागडं वाटे, सुनेला सासूचं पाणी जुनं वाटे, एवढंच. त्या पाळीपाळीने आपापली वाटी पाजत. लेकरू दोन्ही वाट्या मिटक्या मारत संपवायचं. पोट गच्च व्हायचं. अर्ध्या तासाने रडायला लागायचं. मग आजोबा चहात बुडवलेलं बिस्कीट त्याच्या तोंडात द्यायचे आणि घर शांत व्हायचं.

जानेवारीत अंगणवाडीत लेकराचं वजन भरलं होतं 6.6 किलो. फेब्रुवारीतही 6.6 च. कार्डावर वजनाची रेघ वर चढायला हवी, ती आडवी पडली. सहाव्या महिन्यात हिरव्या पट्ट्यात असलेला ठिपका सातव्या महिन्यात जरासा खाली, पिवळ्यात गेला. वजन घटलं नव्हतं, ताप नव्हता, जुलाब नव्हते. वाढत्या वयात वजन जागच्या जागी राहणं हीच तक्रार होती. घरातल्या कुणाच्या ती डोळ्यांत आली नाही, कारण लेकरू हसत होतं, खेळत होतं, आणि वाटी रिकामी करत होतं.

अंगणवाडीच्या ताईंच्या मात्र ती डोळ्यांत आली. दोन दिवसांनी त्या घरी आल्या. हळद शिजत होती. आजी ड्रमजवळ उकिडवी बसली होती. ताई तिच्याशेजारी बसल्या.

"मावशी, लेकराला काय काय देता?"

"देते की. सकाळ-संध्याकाळ वाटी वाटी वरणाचं पाणी. वर तुपाचा थेंब. पोरगी सफरचंद देती."

"आन् डाळ?"

"ती भगुन्यात. घरच्यांना लागती ना. लेकराला जड जाती."

ताईंनी सुनेला हाक मारून दोन्ही वाट्या मागवल्या. एक चमचा वरणाच्या पाण्यात बुडवला, उचलून तिरपा केला. सगळं ओघळून गेलं. सफरचंदाच्या वाटीत बुडवला, तिरपा केला. तेही ओघळलं. चमचा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला.

"मावशी, ह्याच्या पोटात एका बारीला एक लहान वाटीच मावती. ती पाण्यानं भरली तर डाळीला जागा कुठं राहिली? चमच्यावरून जे सांडतं ते त्याच्या अंगीही लागत नाही. चमच्यावर बसून राहील असं द्या."

ताईंचं हे सांगणं साधं होतं, पण त्यामागे मोठा हिशेब आहे. सहा-सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिलिलिटर मावतं. सहा महिने झाल्यावर आईच्या दुधाखेरीज त्याला दिवसाला आणखी सुमारे 200 कॅलरी लागतात. आईचं दूध पातळ दिसत असलं तरी त्यात स्निग्धांश भरपूर असतो. त्या दुधाची जागा पातळ पाण्याने भरली तर लेकराचा दोन्हीकडून तोटा होतो, दूध कमी प्यायलं जातं आणि अन्न पोटात जातच नाही. शिवाय जन्मताना लेकराने आईकडून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो, आणि दुधात लोह फार थोडं असतं. ते डाळीत आहे, पाल्यात आहे, अंड्यात आहे. डाळीवरच्या पाण्यात डाळीचा रंग येतो, वास येतो. डाळ मात्र तळाशीच राहते.

आजीला राग आला. "माझी चार लेकरं ह्याच पाण्यावर वाढली. एक तर फौजेत हाय."

ताई म्हणाल्या, "वाढली, मावशी. खरं हाय ते." आणखी काही बोलल्या नाहीत. उठल्या, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या घरी गेल्या. मला त्या ताईंचं या ठिकाणी फार कौतुक वाटतं. बरोबर असूनही त्यांनी म्हातारीला हरवलं नाही.

त्या दिवशी सहाचा ड्रम उतरवला. वाफाळलेली हळकुंडं ताडपत्रीवर पसरली. ड्रमच्या बुडातून पिवळं पाणी निथळून चिखलात गेलं. आजी हात धुऊन घरात आली. वरणाचं भगुनं चुलीजवळ बसलं होतं, वरचं पाणी निवळलं होतं. तिने सवयीने गाळणी घेतली, भगुनं कलतं केलं, पाणी वाटीत उतरलं. हाताला अजून हळदीचा वास होता. वाटीत पिवळं पाणी होतं. आत्ताच चिखलात गेलेल्या पाण्यासारखंच पिवळं.

तिचा हात थांबला.

40 वर्षं ती हळद शिजवत आली होती. काहिलीतलं पाणी 40 वर्षं ओतून देत आली होती. त्या पाण्याला रंग होता, वास होता, तरी हिंगोलीच्या मार्केट यार्डात ते कुणी मापात घेतलं नसतं. मोल गड्ड्याला. आणि घरात ती गड्डा आपल्याकडे ठेवून पाणी नातवाला देत होती.

ती तशीच चुलीपुढे बसून राहिली. मग तिला 1972 आठवलं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती. पाऊस नव्हता, विहिरींना तळ लागला होता, गावंच्या गावं खडी फोडायला जात होती. तिची आई दिवसभर रस्त्याच्या कामावर. धाकटा भाऊ आठ महिन्यांचा, बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. कामावर सुकडी मिळायची, घरी रेशनच्या मिलोची भाकर. डाळ म्हणाल तर मूठभर, आणि तीही रोज नाही. मूठभर डाळ भगुनंभर पाण्यात शिजायची. ती डाळ तळातून काढून आई बापाच्या ताटात घालायची, थोडी आपल्या, कारण दुसऱ्या दिवशी हातोडा उचलायचा होता, आणि हातोडा उचलला नाही तर कुणालाच काही मिळणार नव्हतं. झोळीतल्याच्या वाट्याला वरचं पाणी. दहा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, "त्याला डाळ कामून नाही देत, माय?" आई पाठमोरी होती. म्हणाली, "लेकराला जड जाती."

डाळ पुरत नाही, हे ती आई दहा वर्षांच्या मुलीला सांगू शकली नव्हती. म्हणून तिने जड जाते असं सांगितलं. मुलीने ते खरं मानलं, मनात ठेवलं, स्वतःच्या चार लेकरांना लावलं, आता नातवाला लावत होती. तो भाऊ वाचला. पण जन्मभर बारका राहिला, पायली उचलताना धापा टाकायचा. दुष्काळ सरला होता, कालव्याचं पाणी रानात आलं होतं, घरात तुरीची पोती थप्पीला होती. चुलीपुढे दुष्काळाचं जेवण मात्र तसंच चालू होतं.

52 वर्षांनी आजीला आपल्या आईचं ते पाठमोरं बोलणं कळलं. ती पदर डोळ्यांना लावून थोडा वेळ बसली. सून पाणी प्यायला आत आली तेव्हा घाबरली.

"आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही. रवी आण."

"दिवे गेलेत. आले की मिक्सर..."

"दिवे नाहीत तर नाहीत. रवी आण म्हणते ना."

आजीने पळी भगुन्यात तळापर्यंत घातली. घट्ट डाळ वाटीत काढली, रवीने घुसळली. सुनेच्या चेहऱ्यावरची धास्ती तिने ओळखली. मग गाळणी वाटीवर ठेवली, डाळ तीत घातली आणि दुसऱ्या लहान वाटीच्या बुडाने दाबत दाबत गाळणीतून खाली उतरवली. दीड महिना ज्या गाळणीने डाळ अडवली होती, त्याच गाळणीतून आता डाळ खाली येत होती. गुठळी नाही, सालीचा कण नाही, आणि पाणीही नाही. चमचा तिरपा केला. डाळ चमच्यावर बसून राहिली. सुनेला जे हवं होतं ते झालं होतं, ताईंना जे हवं होतं तेही.

त्या रात्री लेकराने तीन चमचे खाल्ले. चौथा जिभेने बाहेर ढकलला. तीन चमचे पोटात राहिले आणि ते पहाटेपर्यंत झोपलं. जडबिड काही गेलं नाही.

यानंतर त्या घरात दोघींचा मिळून एकच स्वयंपाक सुरू झाला.

गोठ्याच्या छपरावर डांगराचा वेल होता. मोठाली डांगरं महिनोन्महिने टिकतात म्हणून ती माळ्यावर ठेवलेली. घरात डांगर असताना लेकरासाठी सफरचंद आणत होतो, याचं सुनेला वाईट वाटलं. सफरचंदात वाईट काही नाही, मिळालं तर जरूर द्यावं. पण डांगराच्या त्या केशरी गरात डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व घडवणारा रंग भरपूर असतो, आणि ते दारात होतं. सुनेने फोड धुतली, बिया काढल्या, वाटीत ठेवून कुकरमध्ये वाफवली. पाण्यात बुडवून उकळली असती तर काही सत्त्व पाण्यात उतरलं असतं, हे तिला माहीत होतं. शिजलं का हे पाहायला ती चमचा शोधत होती, तेवढ्यात आजीने केरसुणीशेजारच्या पेंढीतून एक काडी काढली, धुतली आणि फोडीत टोचली. आरपार गेली.

"उतरव."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. लग्नानंतरच्या दोन वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

डांगर पळीने मऊ केलं, वाटीत सुटलेलं त्याचंच चमचाभर पाणी घातलं, वर अर्धा चमचा तूप. मीठ नाही, साखर नाही. वर्षाच्या आत दोन्हीची गरज नसते, हे ताईंनी सांगितलं होतं. आजीला तेवढं कठीण गेलं. तिने बोटावर घेऊन चाटलं आणि म्हणाली, "आळणी हाय की गं." सून म्हणाली, "आत्याबाई, त्यानं मीठ पाहिलंय कुठं? त्याला हेच गोड." शेजारच्या काकू हौसेने मधाची बाटली घेऊन आल्या. मध मात्र वर्ष होईपर्यंत अजिबात नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण लहान लेकराच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. काकूंना वाईट वाटू नये म्हणून आजीने ती बाटली ठेवून घेतली आणि पुढे उसाच्या वेळी पाहुण्यांना भाकरीबरोबर वाढली.

लेकराने डांगर थुंकलं. दुसऱ्या दिवशीही थुंकलं. जिभेच्या टोकाने घास पुढे ढकलायचा, हनुवटीवर केशरी ओघळ. तिसऱ्या दिवशी सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्याला आवडतच नाही."

आजी म्हणाली, "आवडनिवड कुठली. आजवर चोखणंच शिकलाय तो. घास आत घ्यायचं शिकायलाय." आणि ते तसंच असतं. एखादी चव लेकराच्या जिभेला ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. बहुतेक घरांत आपण दोन-तीन वेळांत हार मानतो आणि "आमच्याला भाजी चालतच नाही" असं सांगत फिरतो. आजीने जबरदस्ती केली नाही. तोंड फिरवलं की वाटी खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन चमचे. नवव्या वेळी लेकराने तोंड उघडलं आणि चमचा मागे ओढू दिला नाही. आजीने हळदीच्या ड्रमाजवळच्या गड्यांनाही ते सांगितलं.

8 मार्चला महाशिवरात्र होती. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला माणसांची रीघ लागलेली. घरात उपवास म्हणून रताळी उकडली होती. पूर्वी तिखटमीठ लावलेलं रताळं सगळ्यांसाठी आणि लेकराला वाटीभर पाणी, असं झालं असतं. त्या दिवशी आजीने सोललेलं रताळं आधी लेकराच्या वाटीत कुस्करलं. दुसऱ्या आठवड्यात जवळच्या गिरगावकडून आलेली केळी, सालीवर ठिपके पडेपर्यंत पिकू दिलेली. केळ्याला चूल लागत नाही, मिक्सर लागत नाही. धुतलेला हात आणि एक चमचा, झालं. मग पपई. मग मुगाची डाळ आणि तिच्यातच शिजवलेला शेवग्याचा कोवळा पाला, दोन्ही गाळणीतून दाबून, वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. नवीन पदार्थ दिला की तीन दिवस तोच, अंगावर काही उठतं का, पोट बिघडतं का ते बघायचं. ज्या घरात अंडं चालतं तिथे पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक दुधात कालवून सोपा आणि फार गुणाचा घास होतो. या घरात चालत नव्हतं, म्हणून डाळ दिवसातून दोनदा.

एक गोष्ट सुनेने आणली. लापशी घट्ट केली तर ती चिकट होते आणि लेकराला गिळवत नाही, पातळ केली तर पुन्हा पाणीच. गहू भिजवून मोड आणायचे, सावलीत वाळवून भाजायचे, दळायचे, आणि शिजत्या घट्ट लापशीत त्या पिठाचा एक चमचा घालायचा. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिठातला स्टार्च तोडतो. घट्ट लापशी बघता बघता सैल होते, पीठ मात्र तेवढंच राहतं. मात्र गहू हलका भाजायचा, काळा होईपर्यंत भाजला तर तो रस मरतो. आजीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे माझ्या आजीला ठावूक होतं. गव्हाचं सत्त्व म्हणायची ती. मधीच कुठं तुटलं." म्हणजे मागचं सगळंच टाकाऊ नव्हतं. दुष्काळाच्या आधीचं शहाणपण दुष्काळात हरवलं होतं आणि दुष्काळाची लाचारी शहाणपण म्हणून उरली होती. दोन्ही आजीच्याच तोंडून आली, आणि त्यातलं कोणतं कोणतं हे पारखायला तिला आपल्या आईचा तो चेहरा पुन्हा पाहावा लागला, जो आईने तेव्हा वळवून घेतला होता.

मार्चमध्ये वजन भरलं 6.9. ताईंनी कार्डावर ठिपका काढला, तो पिवळ्याच्या काठावर आला. आजीने तो बोटाने चाचपून पाहिला.

एप्रिलचं ऊन मराठवाड्यात कसं असतं ते सांगायला नको. म्हणून लेकराचं जेवण ताजं करायचं, तासा-दोन तासांत संपवायचं, उरलं तर मोठ्यांनी खाऊन टाकायचं, लेकराला परत द्यायचं नाही. नववा महिना लागला तशी आजीने गाळणी धुऊन खुंटीला अडकवली. आता डाळ-भात हातानेच कुस्करायची, बारीक कण राहू द्यायचे, म्हणजे हिरड्यांना चावायची सवय लागते. सुनेने पहिल्या दिवशी श्वास रोखून बघितलं. लेकरू मांडी घालून ताठ बसलेलं, समोर ती स्वतः. कण जिभेवर घोळवला, हिरडीखाली दाबला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. सुनेने सोडलेला श्वास आजीलाही ऐकू आला.

त्या महिन्यात वजन 7.3 झालं. ठिपका हिरव्यात गेला.

वजन करून आल्या त्या दिवशी हळदीचा शेवटचा माल बाजारात गेला होता. पुरुषमाणसं उन्हातून आली, हातपाय धुऊन पंगतीला बसली. या घरात वाढायची रीत ठरलेली. आधी आजोबा आणि मुलगा, पळी तळापर्यंत बुडवून. मग लेकीबाळी. सून सगळ्यात शेवटी, आणि तोवर वरण सरत आलेलं असायचं, मग ती त्यात तांब्याभर पाणी घालून उकळी आणायची आणि त्याच्याशी भाकर खायची. दोन वर्षं ती तसंच जेवत होती, आणि नऊ महिने त्याच जेवणावर लेकराला पाजत होती.

आजीने ताटं मांडली. भगुनं पुढ्यात ओढलं. आजोबांनी ताट सरकवलं. आजीने पळी तळापर्यंत घातली, घट्ट वरण वर काढलं आणि आजोबांच्या ताटाकडे नेता नेता हात वळवला. चुलीशेजारी एक रिकामी वाटी होती, ती काठोकाठ भरली. वर तूप सोडलं. ताटलीने झाकून वाटी सुनेच्या बाजूला ठेवली.

"ही तुझी. आधी काढून ठेवायची, रोज."

मग तिने पळीने भगुनं चांगलं ढवळलं, तळ वर येईपर्यंत, आणि आजोबांच्या ताटात वरण वाढलं.